एकशे बावीस मतांचं सुतक

मनू गेली हे मला शुक्रवारी दुपारी दोन वाजता समजलं. वेळ एवढी नक्की सांगता येते, कारण ती साऱ्या गावाला ठाऊक आहे. त्या वेळी मी लालासाहेबांच्या प्रचाराच्या टांग्यात बसलो होतो, कर्ण्याचा माइक माझ्या हातात होता आणि टांगा भर बाजारपेठेत होता. मागून एक माणूस पळत येत होता. विरोधी बाजूचा कोणी टांग्याला लोंबकळायला येतोय असं वाटून मी माइकमधूनच त्याला बजावलं, "टांग्याला हात लावू नये. बोलायचं असेल तर संध्याकाळच्या सभेत बोलावं." तो जवळ आल्यावर ओळख पटली. माझा मेव्हणा आकाराम. वाईजवळच्या माझ्या सासुरवाडीहून तीन एसट्या बदलून आला होता. टांग्याचा दांडा धरून तो म्हणाला, "दाजी, आक्का गेली. काल दिवेलागणीला."

माइक चालूच होता. त्यामुळे मला आणि बाजारपेठेला ते एकाच वेळी समजलं.

ती गेली त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. ते मला जमत नाही. छातीत कळ आली आणि अर्ध्या तासात संपलं, एवढंच तिथल्या लोकांनाही सांगता आलं. लालासाहेबांनी प्रचाराची जीप दिली, स्वतः पुढं बसून आले, आणि दिवे लागायच्या आत आम्ही पोचलो. सगळे माझीच वाट बघत होते. रविवारी सावडून सोमवारी मी परत आलो. इथवर सगळं रीतसर झालं. मी लिहायला बसलो आहे ते पुढच्या आठवड्याबद्दल, म्हणजे मी मत द्यावं की नाही या प्रश्नाबद्दल.

हे चौऱ्याहत्तर सालचं. त्याआधी आमच्या नगरपालिकेचा अध्यक्ष मेंबर लोक आपसात निवडत. कोणी कोणाला कुठल्या मळ्यावर नेलं यावर ते ठरायचं. त्या वर्षी अध्यक्ष लोकांनी निवडायचा होता. गावाला याची सवय नव्हती, त्यामुळे देशाचाच अध्यक्ष निवडतोय अशा थाटात सगळं चाललं होतं. उभे दोघंच. एक लालासाहेब, चिन्ह सायकल, ज्यांच्याकडं पंधरा वर्षं गाव होतं. दुसऱ्या लीलाबाई, चिन्ह छत्री, नगरपालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मली होती. त्या निम्म्यांपैकी बहुतेक लालासाहेबांकडं होती हा भाग वेगळा.

लालासाहेबांचा मुख्य मुद्दा चौकात कारंजं बांधण्याचा होता. रंगीत दिव्यांचं. कारंजे समितीचा चिटणीस मीच. आमच्याकडं नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, पण कारंज्यात तेच तेच पाणी फिरतं हे मी लोकांना पटवून देत असे. फौजेत एकोणीस वर्षं मी सामानाच्या कोठारावर हवालदार होतो. मला गोष्टी पटवून देता येतात.

घरात मात्र पटलं नव्हतं. लग्नाला तीस वर्षं झाली, त्यात मनूनं मत कायम मला विचारून दिलं. म्हणजे मी चिन्ह सांगायचो आणि ती "बरं" म्हणायची. या वेळी तिनं भाकऱ्या थापता थापता सांगितलं, "मी लीलाबाईला देणार हाय. तुमी तुमचं बघा."

मी म्हणालो, "त्या बाईचा मुद्दा काय हाय तरी? बाजारात बायकांसाठी मुतारी. ह्यो काय अध्यक्षाचा मुद्दा झाला?"

ती म्हणाली, "बाजारादिवशी खेड्यावरनं शेपाचशे बाया माळवं घिऊन येत्यात. पाटंला येत्यात, दिवस बुडताना जात्यात. मधी कुटं जात्यात त्या, तुमास्नी म्हाईत हाय?"

 मला माहीत नव्हतं, आणि हवालदारानं "माहीत नाही" म्हणायचं नसतं. मी म्हणालो, "तुझ्यापायी भावकीत माझं हसं हुईल." दुसऱ्या दिवशी ती भाचीच्या ओटभरणाला माहेरी गेली. जाताना दारात म्हणाली, "पुढच्या शनवारी येते. मतदान चुकवायची न्हाई." आमचं शेवटचं बोलणं ते.

तर मंगळवारी सकाळी दादासो आला. हा लालासाहेबांचा उजवा हात. नात्यानं माझा लांबचा मेव्हणा लागतो आणि माझ्या घरी त्यानं किमान शंभर वेळा जेवण केलं असेल. सतरंजीवर टेकला. मग म्हणाला, "हवालदार, एक घोळ झालाय."

मी म्हणालो, "आता आणि कसला?"

"मतदान देवळात हाय."

घोळ असा होता. आमच्या वॉर्डाचं मतदान कायम शाळेत होतं. त्या वर्षी वानरांनी शाळेची कौलं उसकटली म्हणून केंद्र भैरोबाच्या देवळाच्या सभामंडपात हलवलं होतं. आणि मला सुतक. सुतकात देवळाची पायरी चढायची नाही. मी एकटा असतो तर कोणी एवढी चिंता केली नसती, पण सुतक एकट्याचं नसतं, भावकीचं असतं. आमच्या भावकीची मतं एकशे बावीस. ती सगळी लालासाहेबांची समजली जात. मनू धरून एकशे तेवीस होती.

आमच्याकडं सुतक दहाव्याला फिटतं. मनू गुरुवारी गेली. गुरुवारपासून मोजलं तर दहावा शनिवारी, आणि रविवारी मतदानाला आम्ही मोकळे. पण मला समजलं शुक्रवारी. शुक्रवारपासून मोजलं तर दहावा नेमका रविवारी, आणि एकशे बावीस मतं घरात. लीलाबाईंच्या माणसांनी सोमवारपासूनच गावभर सांगायला सुरुवात केली होती की, गावाला जाऊन मेलेल्या माणसाचं सुतक समजल्या दिवसापासून धरतात. आणि कधी समजलं याबद्दल तर वादच नव्हता. ते अख्ख्या बाजारपेठेनं कर्ण्यातून ऐकलं होतं.

मी दादासोला म्हणालो, "काळजी करू नको. ह्यात अवघड काय न्हाई." मी खरोखरच निर्धास्त होतो. मला वाटलं, पोस्टानं मत पाठवावं. फौजेत असताना आम्ही पाठवलं होतं.

बुधवारी मी निवडणूक कचेरीत अर्ज दिला. तीन प्रतींत, कार्बन लावून. कारकुनानं तो दोनदा वाचला.

"पोस्टानं मत फौजेतल्यांना, नायतर निवडणुकीच्या ड्यूटीवर असलेल्यांना. तुम्ही कशात बसता?"

"मी फौजेत होतो."

"आता हाय का?"

"आता सुतकात हाय."

त्यानं एका जाड पुस्तकात बराच वेळ शोधलं. भला माणूस होता. म्हणाला, "ह्यात सुतक न्हाई. पर साहेबांपुढं ठेवतो. सुतकाचा दाखला जोडा."

"सुतकाचा दाखला कोण देतं?"

यावर त्यालाही विचार पडला. शेवटी ठरलं की मृत्यूचा दाखला जोडावा, त्यावरून साहेब सुतक काढतील. दाखला आकारामनं माझ्याबरोबर दिलेला होताच. मी कोटाच्या आतल्या खिशातून काढून दिला. कारकुनानं बघितला आणि म्हणाला, "हे बघा, शुक्रवार."

मी घेऊन वाचला. आकाराम माझ्याकडं निघायच्या आधी पंचायतीत नोंद द्यायला गेला, तो शुक्रवारी सकाळी. तिथल्या माणसानं वहीत त्या दिवसाची तारीख घातली आणि तीच दाखल्यावर उतरवली. माझी बायको सरकारदरबारी एक दिवस जास्त जगली होती. तो दिवस कुठं गेला हे विचारायची सोय नव्हती.

मी कारकुनाला सांगितलं की हे चूक आहे. तो म्हणाला, "आसंल. पर कागदावर तेच हाय. दुरुस्तीचा अर्ज जिथं नोंद केली तिथं करायचा. दोन साक्षीदार लागतात, मरताना समोर आसलेले." पोस्टाचं मत तिथंच संपलं. एवढंच नाही, तर "सरकार शुक्रवार म्हणतंय" ही बातमी मी घरी पोचायच्या आधी आमच्या गल्लीत पोचली होती.

संध्याकाळी शेजारचा कुतुबुद्दीन येऊन बसला. त्याचं स्टोव्ह आणि गॅसबत्ती दुरुस्तीचं दुकान आहे. घरात चूल बंद होती त्या सगळ्या दिवसांत त्याच्या बायकोनं, जरिनानं, पिठलं-भाकरी पाठवली. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्यात तीन दिस आसतंय, हवालदार. उसनं घ्या माझ्याकडनं."

बऱ्याच दिवसांनी मी हसलो. मग आपण हसलो म्हणून वाईट वाटलं. मग कुतुबुद्दीन म्हणाला, "भाभी आसती तर तीबी हसली आसती."

एक सांगायला हवं. या दिवसांत माझ्या दारात माणसांची रीघ होती, आणि येणारा प्रत्येकजण आधी डोळे पुसायचा आणि मग बोटं मोजायचा. गुरुवार एक, शुक्रवार दोन. माझ्यासमोर, माझ्याच सतरंजीवर बसून. एकानं तर असंही विचारलं की ती दिवेलागणीच्या आधी गेली की नंतर, कारण नंतर गेली असेल तर दुसऱ्या दिवसात धरता येईल. मी त्याला बाहेरचं दार दाखवलं. तो दाराकडं बघून म्हणाला, "तसं न्हाई, माहिती आसावी."

गुरुवारी दादासो वाईला जाऊन आला. तिथल्या एका जुन्या शास्त्र्यांकडून त्यानं लेखी मत आणलं होतं. ते त्यानं डाव्या खिशातून काढून भावकीसमोर वाचलं. पंधरा ओळी संस्कृत होतं आणि खाली एक ओळ मराठीत: मरण ज्या दिवशी घडलं त्या दिवसापासून अशौच धरावं. भावकीनं माना डोलावल्या. दादासो म्हणाला, "झालं. शनवारी दहावा. ऐतवारी सगळे मोकळे."

माझा प्रश्न मात्र मोकळा झाला नव्हता. देवळात जाता येईल की नाही याच्या नादात, आत जाऊन करायचं काय हा विचार मी पुढं ढकलत होतो. लालासाहेबांना मी शब्द दिला होता. त्यांनी जीप दिली होती. मनूला खांदा दिलेल्या चौघांत ते एक होते. आणि दुसरीकडं तिनं विचारलेलं ते एक वाक्य होतं, ज्यावर मी भावकीचं नाव सांगून उठून गेलो होतो.

शुक्रवारी सकाळी लीलाबाई आल्या. त्यांच्याबरोबर कोणी नव्हतं. बायकांत जाऊन बसल्या, उठताना माझ्यापाशी थांबल्या.

मी म्हणालो, "नर्सबाई, तुमची माणसं शुक्रवार मोजत्यात."

त्या म्हणाल्या, "माझी माणसं मला इचारून मोजत न्हाईत, हवालदार. मी त्यास्नी सांगून बघितलं. निवडून आल्यावर तरी ऐकतील का, द्येव जाणे."

"मनूनं तुमाला मत देईन म्हणून सांगितलं हुतं का?"

"सांगितलं. आणि म्हणाली, आमचे हे देणार न्हाईत, पर त्यांच्यावर राग धरू नका. मानूस वाईट न्हाई, समजायला येळ लागतो."

एवढं बोलून त्या गेल्या. माझ्याकडं मत मागितलं नाही. त्या आठवड्यात माझ्या घरी येऊन मत न मागणाऱ्या त्या एकट्याच.

त्या दिवशी दुपारी कुतुबुद्दीनच्या दुकानाच्या फळीवर बसलो असताना कोणीतरी विचारलं, "मग हवालदार, रविवारी कुणाला?" मी म्हणालो, "अजून ठरवलं न्हाई."

ही माझी चूक. आमच्या गावात, ज्यानं ठरवलं आहे तो ते बोलून दाखवतो, आणि ज्यानं विरुद्ध ठरवलं आहे तो "अजून ठरवलं नाही" म्हणतो. खरोखर न ठरवलेला माणूस आमच्याकडं कधी झालेला नाही, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळं वाक्य नाही. तासाभरात गावभर झालं की हवालदार भावकीसकट फुटला. भावकी माझं ऐकते हाही गावाचाच समज. माझा सख्खा पुतण्या माझं ऐकत नाही.

चार वाजता दादासो आला. सतरंजीवर बसला, उजव्या खिशात हात घातला आणि दुसरा कागद काढला.

"हवालदार, त्या शास्त्रीबुवांचं जरा घाईत झालं हुतं. हे दुसरे शास्त्री. मोठे हायेत त्यांच्यापरास. ते म्हणत्यात, परगावी मेलं तर समजल्या दिवसापासनं."

मी कागद घेतला. तारीख कालचीच होती.

"दादासो, हे दोन्ही कालच आणलंस?"

"व्हय."

"एकाच दिवशी?"

"वाई लांब हाय, हवालदार. सारखं सारखं जायला परवडतंय व्हय?"

त्या संध्याकाळी दोन्ही पक्षांनी शास्त्रं बदलून घेतली. लीलाबाईंची माणसं, जी सोमवारपासून शुक्रवार धरून बसली होती, ती आता चौकाचौकात गुरुवार म्हणू लागली. कागदावर शुक्रवार आहे असं सांगत फिरणारे तर म्हणू लागले की सरकारी वहीत काय, काहीही लिहितात. लालासाहेबांच्या बाजूचे लोक गंभीर चेहऱ्यानं सांगू लागले की समजल्याशिवाय दुःख नाही आणि दुःखाशिवाय सुतक नाही. एकाही माणसाला यात लाज वाटली नाही. खरं सांगायचं तर मीही पंधरा वर्षं याच लोकांबरोबर टांग्यात बसलो होतो.

मी दोन्ही कागद मांडीवर ठेवून बसलो. शास्त्र मला कळत नाही. कोठारात आमचा एक नियम होता: माल ज्या दिवशी गेला त्या दिवशी गेला. कोठारवाल्याच्या ध्यानात दुसऱ्या दिवशी आलं, तर ती कोठारवाल्याची चूक. मनू गुरुवारी गेली. शुक्रवारी दुपारपर्यंत मी कारंज्याचे फायदे सांगत फिरलो, तरी ती गुरुवारीच गेली होती. समजायला मला वेळ लागला, त्याचा भार तिच्या दिवसावर का?

मी भावकीला निरोप धाडला. दहावा उद्या, शनिवारी. कोणी येवो न येवो.

सगळे आले. दोन्ही पक्षही आले. नदीच्या घाटावर एवढी गर्दी मी निवडणुकीच्या सभेला जमवू शकलो नव्हतो. गुरुजींनी विधी केला, पिंड ठेवले, आणि आम्ही मागं सरून कावळ्याची वाट बघत उभे राहिलो.

कावळा येईना. पिंपळावर सात-आठ होते, पण एक खाली उतरेना. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, मग घरच्यांनी ती पुरी करण्याचा शब्द मोठ्यानं द्यायचा असतो. आधी आकाराम म्हणाला, "आक्का, तुज्या भाचीचं बाळंतपण नीट करतो." कावळे जागचे हलले नाहीत. चुलती म्हणाली, "मनू, ह्यांच्या जेवणाची काळजी करू नगंस." काही नाही. पाच मिनिटं गेली. मग गर्दीतून लीलाबाईंचा एक कार्यकर्ता म्हणाला, "मुतारी बांधतो म्हणा."

त्यावर दादासो म्हणाला, "ही जागा हाय का प्रचाराची?" आणि लगेच पिंडाकडं तोंड करून हात जोडून म्हणाला, "वैनी, भावकीची एकी ऱ्हाईल."

"छत्रीला मत देतो म्हणा, बघा येतोय का न्हाई."

"सायकल म्हणून बघू दे की आमाला."

गुरुजी म्हणाले, "अहो, हळू बोला, कावळे बुजतील." त्या सगळ्या गोंगाटात माझ्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. मी दोन पावलं पुढं गेलो आणि हळूच म्हणालो, "मनू, मला म्हाईत न्हवतं. बाया कुटं जात्यात ते. आणि इचारलंबी न्हाई कुणाला कधी."

कावळा आला.

नेमकं कोण काय बोलत असताना तो आला यावर गावात अजून एकमत नाही. छत्रीवाले म्हणतात छत्रीवर आला, सायकलवाले म्हणतात सायकलवर. कुतुबुद्दीन लांब घाटाच्या पायरीवर उभा होता, तो म्हणतो दादासोनं दम खायला तोंड मिटलं म्हणून आला. मी कावळ्यावर फार विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण आंघोळ करून वर आलो तेव्हा माझं ठरलेलं होतं.

घाटावरून तडक लालासाहेबांच्या घरी गेलो. दिलेला शब्द परत घ्यायचा तर तोंडावर घ्यावा. ते ओसरीवर बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं, "लालासाहेब, उद्याचं माझं मत तुमाला न्हाई. शब्द दिला हुता म्हणून सांगाय आलो."

त्यांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "वैनीपायी?"

"न्हाई. तिचं मत तिच्यासंगं गेलं. ह्ये माझं हाय."

"मी जीप काढली हुती, हवालदार."

"ते मी जलमभर इसरणार न्हाई."

"मग?"

"मग काय न्हाई. इसरणार न्हाई."

त्यांनी पानाचा डबा पुढं सरकवला. मी पान घेतलं नाही. सुतक नुकतंच फिटलं होतं आणि तोंडाला चव नव्हती. ते म्हणाले, "कारंज्याचे कागद तेवढे दादासोकडं द्या." मी बरं म्हणालो.

रविवारी आठ वाजता मी भैरोबाच्या देवळापुढं रांगेत होतो. माझ्या मागं भावकी, सगळी नाही, पण बरीच. काही छत्रीचे झाले होते, बरेच सायकलचेच होते, आणि कोण कुठला हे मला विचारू नका. सभामंडपात मतदान अधिकारी म्हणून तासगावकडचे एक शाळामास्तर होते. माझी पाळी आली तशी लालासाहेबांचा एजंट म्हणून बसलेला दादासो उठला.

"आक्षेप हाय."

"काय?" मास्तरांनी विचारलं.

"ह्यास्नी सुतक हाय."

मास्तरांनी टेबलावरचा छापील कागद उचलून वाचला. "आक्षेप एकच घेता येतो. समोरचा माणूस यादीतला तो माणूस नाही, असा. सुतकाचा रकाना इथं नाही."

दादासोनं माझ्याकडं बघितलं, मग मागच्या भावकीच्या रांगेकडं बघितलं. पहिला अडला तर मागचे हलतील, हा त्याचा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. म्हणाला, "मग तसा घ्या."

"म्हणजे हे नाथाजी नव्हेत, असं तुमचं म्हणणं?"

"...व्हय."

मास्तरांनी लिहून घेतलं. "बरं. हे नाथाजी नव्हेत तर कोण आहेत?"

 दादासोला माझ्या नावाशिवाय दुसरं नाव सुचेना.  एकोणीस वर्षं फौजेत ओळखपत्र दाखवलं, पण ताटाला ताट लावून जेवलेल्या माणसासमोर दाखवायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

मागून कुतुबुद्दीन म्हणाला, "दादासो, वळखायला येत नसंल तर भाकरी कोण वाढत हुतं ते आठव. तिचा नवरा."

दादासो खाली बसला. मास्तरांना म्हणाला, "वळखतो मी. आक्षेप न्हाई."

मास्तरांनी यादीवर पट्टी ठेवली. पट्टीच्या वर माझं नाव, पट्टीच्या खाली लगेच मनूचं. त्यांनी माझ्या नावाखाली तांबडी रेघ मारली, पट्टी एक ओळ खाली सरकवली आणि सहज विचारलं, "आणि घरच्या? मागून येतायत?"

मी पट्टीखालच्या त्या ओळीकडं बघत राहिलो. दादासोच म्हणाला, "न्हाईत त्या आता. गुरुवारी गेल्या."

त्या सबंध आठवड्यात त्याच्या दोन खिशांतल्या कागदांपेक्षा ते एक वाक्य बरोबर होतं, आणि त्याला ते कळलंही नाही. मास्तरांनी पट्टी तिथंच राहू दिली. मग खणातून एक छापील कागद काढून माझ्या हातात दिला. "नाव कमी करायचा अर्ज आहे. घाई नाही. सवडीनं भरा."

मी आत गेलो आणि छत्रीवर शिक्का मारला. मत गुप्त असतं, पण बाहेर आलो तेव्हा ते साऱ्या गावाला ठाऊक होतं, त्यामुळे इथं लिहायला हरकत नाही. लीलाबाई पडल्या. सव्वाचारशे मतांनी पडल्या, म्हणजे माझ्या एका मतानं काही अडलं नव्हतं आणि आमच्या एकशे बावीसनंही नाही. त्या संध्याकाळी विजयाची मिरवणूक आमच्या दारावरून जाताना लालासाहेबांनी वाजंत्री बंद करायला लावली. मी दारात उभा होतो. त्यांनी हात जोडले, मीही जोडले.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी पहाटेपासून दिवस बुडेपर्यंत बाजारात बसलो. बायका कुठं जातात ते बघितलं. ते इथं लिहिणार नाही. नगरपालिकेला लिहिलं आहे, तीन प्रतींत. दर महिन्याला लिहितो. लालासाहेब वाचतात, कारण परवा रस्त्यात मला म्हणाले, "हवालदार, कार्बन बदला की, तिसरी प्रत वाचाय येत न्हाई."

नाव कमी करायच्या अर्जात एक रकाना आहे: मृत्यूचा दिनांक. दाखल्याशी जुळला पाहिजे असं खाली लिहिलं आहे. दाखल्यावर शुक्रवार आहे. शुक्रवार मी लिहिणार नाही, आणि दाखला दुरुस्त करायला आकाराम दोनदा जाऊन आला तरी अजून झालेला नाही. यंदा नवी यादी लागली तेव्हा मी बघून आलो. माझ्या खाली मनूचं नाव आहे. अर्ज भरायचा राहिला आहे.